दिसतोय की

सिद्धेश्वरी "दिसतोय की!" असं ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज रेवणसिद्धनं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तसाच थांबला. वर आला होता तो साधं विचारायला, शेंगाची चटणी कुठल्या डब्यात आहे एवढंच. गच्चीच्या कठड्यापाशी त्याची बायको उभी होती आणि तिच्या शेजारी, वरच्या मजल्यावर नुकतेच राहायला आलेले सयाजीराव सर. दोघांमध्ये हातभर अंतर होतं, हातभरापेक्षा जास्तच असेल. सर हात लांब करून आकाशात काहीतरी दाखवत होते आणि ती त्यांच्या बोटाच्या रोखानं मान उंचावून बघत होती. पन्नाशी उलटलेली बाई. गुडघे दुखतात म्हणून मंगळवार बाजार टाळणारी. पण त्या दोन शब्दांत एखादी मुलगी परकर सावरत पळत गेल्यासारखं काहीतरी होतं, आणि ती मुलगी रेवणसिद्धला कधी भेटलीच नव्हती.

"या मास्तर, या," सरांनी त्याला बघून हाक दिली. "वैनींना घावला बगा. पैल्या झटक्यात घावला. आमच्या पोराला रोज दाखवतोय, त्याला काय घावंना."

"काय?"

"तारा. ह्यो लखलखीत दिसतोय त्यो व्याध. आता त्याच्या डाव्या हाताला या. जरा वर. बारीक हाय, पर हाय. पांढरा, पर निळसर. नीळ दिलेल्या धोतरावानी."

व्याध त्याला दिसला. पिवळट, कडा विस्कटलेला, धुरकट काचेमागं दिवा ठेवल्यासारखा. त्याच्या डाव्या हाताला काहीच नव्हतं. रेवणसिद्धनं डोळे बारीक केले, चष्मा पुढं-मागं केला. काही नव्हतं. "हं," तो म्हणाला. ते 'हं' दिसलं अशा अर्थानं घेता आलं असतं आणि नाही दिसलं अशा अर्थानंही. सरांनी ते पहिल्या अर्थानं घेतलं. सिद्धेश्वरीनं घेतलंच नाही, ती अजून वरच बघत होती. खाली आल्यावर चटणीचा डबा ओट्यावर समोरच सापडला आणि तो उभ्याउभ्याच भाकरीचा तुकडा मोडून खाऊ लागला. वरून सरांचं हसणं ऐकू आलं. मग एक थोडं उशिरा आलेलं, दबकं हसणं. ते तिचं होतं.

त्याला लागलं ते 'निळसर पांढरा' या शब्दांचं. ते शब्द त्याच्या मालकीचे होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल रंगवायच्या कारखान्यात त्याची उमर गेली होती, आणि सगळे त्याला मास्तर म्हणायचे ते तो डाईंग मास्तर होता म्हणून. पांढरा म्हणजे रंग नसणं, असं लोकांना वाटतं. पांढरा हा सगळ्यात अवघड रंग. दुधाळ पांढरा असतो, कागदी असतो, हाडासारखा कोरडा असतो, आणि या सगळ्यांच्या वरचा तो, ज्यात निळ्याचा इतका बारीक अंश असतो की डोळ्याला निळं म्हणून दिसत नाही, नुसतं स्वच्छ वाटतं. हा अंश रेवणसिद्ध डोळ्यानं धरायचा. परदेशी गिऱ्हाइकानं पाठवलेला हाताएवढा तुकडा उत्तरेच्या खिडकीत धरायचा, शेजारी आपला टॉवेल, आणि मान हलवायचा. त्याच्या मानेवर गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर जायचे. आणि हा मोडनिंबच्या शाळेत पोरांना केळी-आंबे काढायला शिकवणारा निवृत्त चित्रकलेचा मास्तर, बायको गेल्यावर पोराकडं राहायला आलेला, त्याच्याच गच्चीवर उभा राहून त्याच्याच बायकोला निळसर पांढरा दाखवत होता. आणि तिला दिसत होता.

मग रोजच सुरू झालं. दिवे लागल्यावर सिद्धेश्वरीचं गच्चीवर काही ना काही काम निघायचं. वाळत घातलेलं राहायचं, मिरच्या झाकायच्या राहायच्या, आणि काही नसलं तर ती सरळ म्हणायची, "जरा वाऱ्याला बसते." यात चोरून असं काही नव्हतं. ते चोरून असतं तर बरं झालं असतं असंही त्याला वाटायचं, मग निदान पकडता आलं असतं. तो खाली खुर्चीत बसून ऐकायचा. गच्चीचं दार उघडं असलं की जिन्यातून आवाज खाली गळत यायचा. सरांचं बोलणं मोकळंढाकळं, माढ्याकडचं, 'लई' आणि 'व्हय' पेरलेलं. तिचं बोलणं मात्र त्याला ओळखू येत नसे. अक्कलकोटची पोर ती. घरात तिचं निम्मं कानडी, निम्मं मराठी, जेवायची हाकसुद्धा "ऊटक्क बर्री." सरांशी बोलताना मात्र तिच्या मराठीला इस्त्री केलेली असायची. "मग सर, उन्हाळ्यात तो कुठं जातो?" असा प्रश्न त्यानं एकदा ऐकला. ती प्रश्न विचारते हेच त्याला माहीत नव्हतं. त्याला ती विचारायची ते गॅसचा नंबर लावला का, आणि येताना कोथिंबीर आणाल का. कशाला तरी 'मग' म्हणून पुढं जाणं, दुसऱ्याच्या बोलण्याचं बोट धरून आणखी दोन पावलं चालणं, हे तिनं कुठं ठेवलं होतं इतकी वर्षं?

त्यानं मोबाईलवर आकाशाचं ॲप घेतलं. व्याध सापडला, त्याच्या डाव्या हाताला बोटानं सरकत गेल्यावर तो तारा पण सापडला. त्याला नाव नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं आणि पुढं आकडे, गोदामातल्या मालाला असतात तसे. खाली त्याची माहिती होती. रेवणसिद्धनं ती अडत अडत वाचली, शब्द शोधून शोधून, आणि वाचता वाचता त्याला सूड घेतल्याचं समाधान मिळत गेलं. तारा अंधुक आहे तो लांब असल्यामुळं, एरवी आपल्या सूर्याच्या कितीतरी पट तेजस्वी. निळसर आहे कारण सूर्यापेक्षा तापलेला. स्वतःभोवती इतका जोरात फिरतो की मध्यावर फुगलेला आणि वरखाली चपटा झालेला असणार. आणि असे तारे लवकर जळून संपतात. आता तिला दिसत असलेला उजेड तिथून निघाला तेव्हा सोलापुरात गिरण्या सोडाच, त्यांची धुराडी बांधणाऱ्यांचे पणजेही नव्हते. जेवताना त्यानं हे सगळं तिला ऐकवलं. तुला नुसता दिसतो, मला माहीत आहे, असं त्या ऐकवण्यात होतं, आणि ते लपवायची त्यानं तसदी घेतली नाही.

"असंल," सिद्धेश्वरी म्हणाली. "ताक घेणार का?"

"सरांना माहीत नसेल हे. त्यांना वाटत असेल जवळच आहे."

"त्यांनी लांब-जवळ काही सांगितलं नाही. नुसता बघा म्हणाले."

त्या माहितीतली शेवटची ओळ त्यानं तिला सांगितली नाही. ती त्यानं स्वतःपाशी ठेवली आणि ती त्याला खात राहिली. त्या ताऱ्याचा उजेड ठरावीक काळानं कणभर तांबड्याकडं सरकतो आणि परत कणभर निळ्याकडं. म्हणजे तारा मागं-पुढं ओढला जातो. म्हणजे त्याच्याजवळ दुसरं काहीतरी आहे, जे कुठल्याही दुर्बिणीतून दिसत नाही, पण आहे. शेड सरकणं हे रेवणसिद्धला समजावून सांगायची गरज नव्हती. एका भट्टीतून दुसऱ्या भट्टीत शेड कणभर सरकली तरी त्याला कळायची आणि पाण्यात काहीतरी आहे हे तो मशीन न उघडता सांगायचा. आता तो बायकोला तसा बघू लागला. ती सकाळी विभूती लावताना आरशात नेहमीपेक्षा जास्त थांबली का? जांभळी साडी, जी लग्नकार्यालाच निघायची, ती साध्या शनिवारी का निघाली? भाजीत मीठ कमी पडलं तेव्हा ती कुठं होती? त्याला स्वतःची लाज वाटायची. साठीला आलेला माणूस, जावई असलेला, ताटातली भाजी चाखून बायकोचं मन तपासतो. लाज वाटून झाली की तो परत तपासायचा. आणि वाईट हे की काहीच सापडत नसे. ती त्याची औषधं वेळेवर देत होती, बनियनच्या घड्या घालत होती, त्याच्या घोरण्यावर कुरकुरत होती. काही कमी झालं नव्हतं. जास्तीचं काहीतरी कुठूनतरी निघून तिकडं चाललं होतं, आणि ते जास्तीचं आपल्या घरात होतं हे त्याला ते जाताना कळत होतं.

त्याच सुमाराला पांढऱ्या टॉवेलचा एक मोठा लॉट परत आला. कारखान्याच्या धाकट्या शेठनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, हेच वाईट लक्षण. टेबलावर गिऱ्हाइकाचा तुकडा आणि त्याचा टॉवेल शेजारी शेजारी.

"मास्तर, हे सारखं आहे का?"

"सारखं आहे."

"गिऱ्हाईक म्हणतंय, पांढरा मागितला होता, तुम्ही निळा पाठवला." शेठ खिडकीकडं बघत म्हणाले, "मला पण निळाच दिसतोय, मास्तर. एकदा डोळे दाखवून घ्या."

रेवणसिद्धनं तो टॉवेल उचलला, उत्तरेच्या खिडकीत नेला, उलटा केला, सुलटा केला. पांढराच होता. सगळ्यांना दिसतं आणि त्याला दिसत नाही असं जगात आता दोन गोष्टींचं झालं होतं, आणि दोन्ही गोष्टी निळ्या होत्या. डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर नाजनीन म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी अंधारात त्याच्या डोळ्यात उजेड सोडला आणि सहज सांगितलं, "मोतीबिंदू आहे, काका. दोन्हीकडं. डावा जास्त पिकलाय, आधी त्याचं करू. डोळ्यातली काच पिवळी पडली की निळा रंग आत पोचत नाही, मग माणसाला सगळं पिवळट दिसतं. तुम्ही रंगाचं काम करता म्हणालात ना? मग तुम्ही नीळ वाढवतच गेला असाल." तो हसला. दुसरं काय करणार? गेलं वर्षभर तो घरात ओरडत होता की कपडे पिवळे धुतले जातात, नीळ घाल, अजून घाल. सिद्धेश्वरी म्हणाली होती, "निळे झालेत. तुमचे डोळे बघा आधी." त्यावर तो दोन दिवस बोलला नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी सर त्यांच्या मुलाची गाडी घेऊन हजर. कुणी बोलावलं होतं हे त्यानं विचारलं नाही. येताना त्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि उजव्यात थेंब घातल्यानं पाणी येत होतं, म्हणून त्यानं तोही मिटून घेतला होता. तो मागं बसला. सिद्धेश्वरी त्याच्या शेजारी बसली, त्याचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला होता, पण बोलत होती पुढं, गाडी चालवणाऱ्या पाठीशी. ढोबळी मिरचीचे भाव. सरांच्या सुनेचं डोहाळजेवण. त्याचा हात तिच्या हातात आणि तिचा आवाज पुढच्या सीटवर. मिटल्या डोळ्यांमागच्या तांबूस अंधारात त्याला वाटलं, माझ्याकडं नेहमी हात येतो. औषधाचा, ताटाचा, घडीचा हात. त्याला एकदम विचारावंसं वाटलं, तुला तो कसा दिसतो गं, सांग की मला. पण पुढं सर होते.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि तो दवाखान्याच्या भिंतीकडं बघतच राहिला. इतका पांढरा! दूध नव्हे, कागद नव्हे, तो सगळ्यात वरचा पांढरा, ज्याच्यासाठी त्यानं जन्म घालवला होता. घरी आल्यावर त्यानं कपाट उघडलं. त्याची बनियनं, पंचे, कारखान्यातून आणलेले टॉवेल, सगळी घडीबंद निळाई. निळी म्हणजे लपवता न येणारी निळी. असं घालून आपण वर्षभर सोलापुरात हिंडलो. आणि ती ते धुऊन, वाळवून, घड्या घालून देत राहिली. त्यानं डावा डोळा मिटून उजव्या, जुन्या डोळ्यानं बघितलं तर सगळं परत ठीकठाक पांढरं झालं. मग उजवा मिटून डाव्यानं. असं कितीतरी वेळ तो कपाटापुढं करत राहिला. शेठना फोन केला तेव्हा ते म्हणाले, दुसऱ्या डोळ्याचं पण उरकून घ्या, मग या, जागा तुमचीच आहे. त्याला बरं वाटलं, पण जेवढं वाटायला हवं होतं तेवढं नाही. त्याला गच्चीवर जायचं होतं.

डॉक्टरांनी धूळ-वारा टाळायला सांगितलं होतं, म्हणून तो काळा चष्मा लावून जिना चढला आणि वर जाऊन काढला. दिवेलागण होऊन गेली होती. सर अजून आले नव्हते. सिद्धेश्वरी मागून आपल्या कानडी हेलात "सावकाश, री" करत आली. त्यानं उजव्या डोळ्यावर हात धरला. व्याध टणक होता, लख्ख होता. डाव्या हाताला. जरा वर. आणि तो होता. टोचल्यासारखा बारीक, निळसर पांढरा, नाव नसलेला. रेवणसिद्धला रडू येईल असं वाटलं आणि त्याच्याबरोबरच, त्याच्या आतूनच, गाठलं तुम्हाला, असंही वाटलं. आता आपण तिघंही सारखे.

"तुझा तारा दाखव," तो म्हणाला. "मला आता सगळं दिसतंय."

"तो काय." तिनं हात केला.

तिचा हात व्याधाच्या उजवीकडं, शेजारच्या इमारतीच्या टाकीच्या वर गेला होता. तिथं काही नव्हतं.

"ती उजवी बाजू झाली."

"मग हा इकडं." हात डावीकडं आला, पण फार खाली, दिव्यांच्या तांबूस धुराळ्यात.

"सिद्धू," तो म्हणाला. लग्नानंतरच्या काही महिन्यांतलं नाव ते, त्याच्या तोंडून कसं आलं त्यालाच कळलं नाही. "तुला दिसतो का तो?"

तिनं हात खाली घेतला. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "नाही दिसत," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून नाही. मला तो मोठाच काय तो दिसतो."

त्याच्या अंगावरून गार पाणी ओतल्यासारखं झालं, उन्हातून आल्यावर ओततात तसं, सुखाचं. एवढे दिवस जे गेलं गेलं म्हणून तो जळत होता ते कुणाकडं गेलंच नव्हतं. तो हसायच्या बेतात होता. मग त्यानं विचारलं, आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"मग दिसतोय म्हणून का सांगितलंस?"

"ते इतकं जीव लावून दाखवत होते. नाही कसं म्हणायचं? त्यांच्या घरात कोण बघतंय त्यांनी दाखवलेलं. मन मोडलं असतं माणसाचं."

"रोज?"

"एकदा म्हटल्यावर रोज म्हणावंच लागतं की."

लग्न झाल्या वर्षी तो तिला कारखान्यात घेऊन गेला होता. उत्तरेच्या खिडकीत त्यानं तिच्यापुढं पांढऱ्याचे तुकडे मांडले होते, एकेक करून, हे बघ, आणि हे, आता हे. ती वाकून बघत होती. मग सरळ होऊन म्हणाली होती, "सगळे सारखेच दिसतात मला." शेजारची माणसं हसली होती. त्यानं तुकडे गोळा केले होते आणि त्यानंतर तिला कधीच काही दाखवलं नव्हतं. तेव्हा ती खरं बोलली होती. पुढंही खरंच बोलत आली. तारा दिसणं न दिसणं हे काहीच नव्हतं. ती एका माणसासाठी रोज, हसऱ्या तोंडानं, नवा आवाज काढून खोटं बोलली होती, आणि तो माणूस रेवणसिद्ध नव्हता.

"माझं मन मोडेल म्हणून कधी बोललीस का असं खोटं?"

तिनं खरंच विचार केला. आठवून बघितलं. "तुमच्याशी?" ती म्हणाली. "तुमच्याशी कशाला?"

जिन्यात चपला वाजल्या. सर वर आले, खोकले, धोतराचा सोगा झाडला. "काय मास्तर, डोळा झकास? अन् वैनी, आज काय म्हणतोय आपला गडी?"

सिद्धेश्वरीनं मान वर केली. ओठ उघडले. तिच्या चेहऱ्यावर ते येताना त्यानं नव्या डोळ्यानं बघितलं.

"आज काही दिसत नाही, सर," रेवणसिद्ध घाईनं म्हणाला. "धूर आहे फार."

वर आकाश धुऊन पुसून ठेवल्यासारखं होतं. सरांनी वर बघितलं. व्याधाकडं बघितलं, त्याच्या डाव्या हाताला बघितलं. मग रेवणसिद्धकडं. म्हणाले, "व्हय. धूर हाय खरा." आणि सुनेनं कशाला तरी बोलावलंय म्हणून आल्या पावली खाली गेले. त्यांची पाठ जराशी वाकलेली होती, हे त्याला आजच दिसलं.

सिद्धेश्वरी त्याच्याकडं बघत उभी होती. ती जिन्याकडं वळली आणि उतरता उतरता, मागं न बघता म्हणाली, "येतंय की तुम्हाला पण." ते कौतुक होतं की दुसरं काही, हे तिच्या पाठीवरून कळण्यासारखं नव्हतं.

खाली तिनं तवा ठेवला. तो पाटावर बसला. भाकरी थापल्याचा आवाज, मग पहिली भाकरी ताटात आली, वर शेंगाची चटणी, तेलाची धार. त्यानं घास मोडला आणि तसाच धरून ठेवला.

"चष्म्याशिवाय कसा दिसतो मी?" त्यानं विचारलं.

तिनं हातातलं पीठ झटकलं आणि त्याच्याकडं नीट बघितलं. एवढा वेळ तिनं त्याच्याकडं कधी बघितलं होतं, त्याला आठवेना. मागं तव्यावर भाकरी करपायला लागली होती.

"म्हातारे," ती म्हणाली, आणि वळून ती भाकरी काढून त्याच्या ताटात टाकली. पहिली अजून संपली नव्हती.

वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिनं वर बघितलं नाही. त्यानं बघितलं.